क्राफ्ट बिअरवाले ज्या लागरला नाकं मुरडतात, ती एका हट्टी माणसाने टोपीच्या डब्यातून आणली होती

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत जाऊन बसलात की एक गोष्ट लगेच लक्षात येते. बिअरमध्ये पण मानपान असतो.

आयपीए मागवणारा जाणकार. स्टाउट मागवणारा त्याहून जाणकार. आणि मेन्यू उलटा-सुलटा करून साधी लागर आहे का, असं विचारणारा म्हणजे गावाकडून आलेला पाहुणा. शेजारच्या टेबलावरची पोरं त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेत सगळं आलं. लागर म्हणजे कारखान्याचा माल. लागर म्हणजे पिवळं पाणी. लागर म्हणजे ज्याला बिअरमधलं काही कळत नाही त्याने प्यायची गोष्ट.

आता इकडं मराठवाड्यात या. धाराशिव जिल्ह्यातलं ईट घ्या, भूम घ्या, वाशी घ्या. इथल्या पट्ट्यात बिअर म्हणजे लागरच. पण तिला लागर म्हणतात हे सुद्धा कुणाला माहीत नसतं, कारण दुसरं काही असतं हेच माहीत नसतं. परमिट रूममध्ये प्रश्न दोनच, माइल्ड का स्ट्राँग, आणि थंड आहे का.

म्हणजे एकीकडे लागरला तुच्छ मानणारे आणि दुसरीकडे तिचं नावही माहीत नसताना तीच पिणारे. या दोघांनाही ज्याचा पत्ता नाही, असा एक माणूस कोपनहेगनमध्ये होऊन गेला. जेकब ख्रिश्चन जेकबसन. कार्ल्सबर्ग नावाच्या बाटलीमागचा माणूस. त्याच्या कंपनीची एक ब्रुअरी आज छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. म्हणजे ईटवरून बीडमार्गे संभाजीनगरला जाणारा माणूस त्याच्या नावाच्या बऱ्यापैकी जवळून जातो.

तर आधी लागर म्हणजे काय ते बघू, म्हणजे पुढची गोष्ट समजायला सोपी जाईल.

बिअर म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचं गोड पाणी, त्यात कडवटपणासाठी हॉप्स, आणि त्या पाण्याची दारू करणारं यीस्ट. यीस्ट म्हणजे बिअरचं विरजण समजा. दूध तेच असलं तरी विरजण बदललं की दही बदलतं, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बिअरचं पण तसंच. एक विरजण उबेत काम करतं, फेसाबरोबर वर येतं, आठवड्याभरात मोकळं होतं. त्यातून होते ती एल. आयपीए, स्टाउट ही सगळी एलची पोरं. दुसरं विरजण दहा-बारा अंशाच्या गारठ्यात हळूहळू काम करतं आणि तळाला बसतं. त्यानंतर ती बिअर आणखी थंड जागी कित्येक आठवडे नुसती ठेवून द्यायची. जर्मन भाषेत साठवण्याला लागर्न म्हणतात, म्हणून ती लागर.

थोडक्यात, लागर म्हणजे थांबून राहिलेली बिअर. पुढचं सगळं भांडण या थांबण्यावरूनच झालं.

जेकबसनचा जन्म २ सप्टेंबर १८११ चा. वडील खेड्यातून कोपनहेगनला आलेले, ब्रुअरीत हमाली-मजुरी करत करत स्वतःची छोटी ब्रुअरी टाकलेला माणूस. शिक्षण फार नाही, पण डोकं चालणारं. बाकीचे ब्रुअर हात बुडवून पाण्याची ऊब बघायचे तेव्हा हा थर्मामीटर वापरायचा. पोराला त्याने शाळेपेक्षा ब्रुअरीतच जास्त शिकवलं, पण विज्ञानाची व्याख्यानं ऐकायला मात्र पाठवलं. ती व्याख्यानं कुणाची होती, तर हान्स ख्रिश्चन ऑर्स्टेडची. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, हे दाखवून देणारा तोच ऑर्स्टेड.

१८३५ मध्ये वडील गेले आणि विशीतला पोरगा मालक झाला.

त्या काळात डेन्मार्कमध्ये जी बिअर मिळायची ती हलकी, गोडसर आणि भरवशाची नसलेली. आज चांगली लागली म्हणून उद्या परत घेतली तर आंबट निघायची. कुणालाच कारण सांगता यायचं नाही. ब्रुअर म्हणायचे नशीब, गिऱ्हाईक म्हणायचं ब्रुअर चोर.

दरम्यान जर्मनीतल्या बव्हेरियाकडून येणाऱ्या बिअरची चर्चा सुरू झाली होती. तिथे १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर बनवायलाच बंदी होती, कारण गरमीत ती नासायची. त्यामुळे तिथले लोक थंडीत बनवायचे आणि तळघरात बर्फ भरून ठेवायचे. तीनशे वर्षं हे चाललं आणि त्या गारठ्यात टिकणारं विरजण आपोआप तयार होत गेलं.

म्युनिकमध्ये या बिअरचा उस्ताद होता गॅब्रिएल झेडलमायर, श्पाटन ब्रुअरीचा मालक. हा गडी पण भारी होता. १८३३ मध्ये तो आणि त्याचा व्हिएन्नाचा दोस्त अँटोन ड्रेहर इंग्लंडच्या ब्रुअऱ्या बघायला गेले आणि आतून पोकळ केलेल्या काठीत तिथल्या बिअरचे नमुने चोरून घेऊन आले. आपल्याकडे कुणी गुळाच्या गुऱ्हाळात जाऊन काकवी काठीत भरून आणावी तसा प्रकार. पण अशा माणसाने स्वतःची विद्या लपवून ठेवली नाही, हे मात्र मानलं पाहिजे. जेकबसन शिकायला आला तेव्हा त्याने हात आखडता घेतला नाही.

जेकबसनने आधी घरीच प्रयोग केले. आईच्या कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात. जमलं नाही म्हणजे अगदीच नाही असं नव्हे, पण खरी गोम विरजणात आहे हे त्याच्या लक्षात आलं.

मग १८४५ साल उजाडलं. जेकबसन म्युनिकहून झेडलमायरच्या यीस्टची दोन भांडी घेऊन निघाला. म्युनिक ते कोपनहेगन म्हणजे हजारेक किलोमीटर, मोठा टप्पा घोडागाडीचा. यीस्ट तापलं तर मेलं. असं सांगतात की त्याने ती भांडी टोपी ठेवायच्या डब्यात ठेवली आणि गाडी जिथं जिथं थांबेल तिथं तिथं उतरून त्यांच्यावर गार पाणी ओतत राहिला. गाडीतल्या लोकांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक. डोक्यावर ठेवायची टोपी सोडून डब्याला अंघोळ घालणारा माणूस.

विरजण जिवंत पोचलं.

पुढचा प्रश्न थांबण्याचा. गार जागा आणायची कुठून? कोपनहेगनच्या तटबंदीखाली जुनी तळघरं होती, ती त्याने मिळवली आणि बिअरची पिंपं तिथं ठेवली. गिऱ्हाइकाला ती गडद, बव्हेरियन वळणाची, दर वेळी सारखीच लागणारी बिअर एवढी आवडली की तळघरं पुरेनात. मग आईकडून आलेल्या वारशाच्या जोरावर त्याने शहराबाहेर वाल्बी नावाच्या टेकडीवर नवी ब्रुअरी उभारली. जागा हुशारीने निवडलेली. टेकडीत तळघरं खणता येत होती, पाणी होतं आणि कोपनहेगन ते रोस्किल्ड ही डेन्मार्कची पहिली रेल्वे त्याच सुमारास तिथून जाणार होती. १० नोव्हेंबर १८४७ ला तिथली पहिली बिअर शिजली. नाव ठेवलं पाच वर्षांच्या पोराचं, कार्लचं, आणि त्याला जोडला डॅनिश भाषेतला डोंगर. कार्ल्सबर्ग.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या लागरला आज कारखान्याचा माल म्हणतात, तिची सुरुवात एका माणसाच्या कपडे धुवायच्या हंड्यातून झालेली आहे. आजच्या मायक्रोब्रुअरीवाल्यांची सुरुवात पण घरच्या भांड्यातूनच होते.

पुढची वीसेक वर्षं भराभर गेली. ब्रुअरी वाढली, पैसा आला, जेकबसन संसदेत गेला, १८६७ मध्ये ब्रुअरीला आग लागली, ती पुन्हा उभी राहिली. १८५९ मध्ये फ्रेडरिक्सबोर्ग नावाचा राजवाडा जळाला होता, त्याच्या पुनर्बांधणीसाठी याने खिशातून रक्कम दिली आणि नंतर तिथं राष्ट्रीय इतिहासाचं संग्रहालय केलं. बिअरवाल्याने राजाचा वाडा दुरुस्त करून दिला, एवढं ते प्रकरण.

पण त्याच्या डोक्यातून एक भुंगा जात नव्हता. बिअर बनते ती नक्की कशाने आणि बिघडते ती कशाने?

फ्रान्समध्ये लुई पाश्चर याच प्रश्नाच्या मागे लागला होता. जेकबसन त्याचा भक्तच झाला. १८७५ मध्ये त्याने ब्रुअरीत प्रयोगशाळा काढली आणि १८७६ मध्ये ती चालवायला कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान उभं केलं. अट अशी घातली की प्रयोगशाळेत जे काही सापडेल ते जगासाठी छापायचं, लपवायचं नाही. धंद्याच्या हिशेबाने हा वेडेपणा होता. स्वतःच्या पैशाने शोध लावायचा आणि तो शेजारच्या दुकानदाराला फुकट वाटायचा.

या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन नावाचा माणूस आला. कादंबऱ्या लिहून त्याने शिकायचा खर्च काढला होता. स्वभावाने तिरसट, कामाला पक्का. १८८३ च्या सुमारास जेकबसनच्या स्वतःच्या ब्रुअरीतली बिअर बिघडायला लागली. चाळीस वर्षं जे विरजण जिवाच्या वर जपलं त्याच विरजणाने दगा दिला. हॅन्सनचं म्हणणं असं पडलं की दोष बाहेरून आलेल्या कुठल्या घाणीत नाही. यीस्टमध्येच यीस्टच्या जाती मिसळल्यात. चांगल्या विरजणात रानटी विरजण शिरलंय.

जेकबसनला हे पटायला जड गेलं. त्याच्या देवाने, म्हणजे पाश्चरने, असं काही सांगितलं नव्हतं. पण हॅन्सनने यीस्टचं पाणी पातळ करत करत शेवटी एकच पेशी वेगळी काढली आणि तिच्यापासून पूर्ण विरजण वाढवलं. सगळी पेशी-भावंडं एका आईची. १२ नोव्हेंबर १८८३ ला या शुद्ध विरजणाने मोठी बिअर लावली गेली आणि ती उत्तम उतरली. म्हाताऱ्याने हार मानली, नुसती मानली नाही तर अट पाळली. शोध छापला गेला आणि शुद्ध यीस्ट मागेल त्या ब्रुअरीला दिलं. ज्या म्युनिकहून टोपीच्या डब्यात विरजण आलं होतं त्या झेडलमायरच्या घरापर्यंत ते साफ होऊन परत गेलं.

त्या यीस्टला पुढे साकारोमायसिस कार्ल्सबर्जेन्सिस असं नाव पडलं. आता शास्त्रज्ञ त्याला पास्टोरियानस म्हणतात. ते दोन जातींचं संकर आहे. एक आपलं पावाचं नेहमीचं यीस्ट, आणि दुसरं थंडीत तग धरणारं एक रानटी यीस्ट, जे २०११ मध्ये अर्जेंटिनाच्या पॅटागोनियातल्या जंगलात सापडलं. नंतर तिबेटकडेही सापडलं.

आज जगात विकल्या जाणाऱ्या बिअरमधली बहुतेक बिअर लागर आहे. त्याचं एक मोठं कारण हे वाटप आहे. विरजण भरवशाचं झालं, त्याच काळात बर्फ करणारी यंत्रं आली, आणि मग लागर थंड देशाची राहिली नाही. मे महिन्यात ४२ अंश तापणाऱ्या संभाजीनगरातसुद्धा ती बनायला लागली.

त्याच प्रयोगशाळेतून निघालेल्या दोन गोष्टी तर ईटच्या शेतकऱ्याच्या घरात पोचल्यात. माती परीक्षणाच्या कागदावर पहिल्या काही ओळींत सामू लिहिलेला असतो, ज्याला इंग्रजीवाले पीएच म्हणतात. तो मोजायची पट्टी कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ठरवली. आणि भूम तालुका ज्या खव्यासाठी ओळखला जातो, त्या खव्यात, दुधात प्रथिनं किती आहेत हे तपासायची जी केल्डाल पद्धत आहे, ती याच प्रयोगशाळेच्या योहान केल्डालने १८८३ मध्ये शोधली. जवात प्रथिनं किती, हे बिअरसाठी बघायचं होतं म्हणून. बिअरला कधी हात न लावणाऱ्या वारकऱ्याच्या शेताचा सामूसुद्धा बिअरवाल्याच्या पट्टीने मोजला जातो, आता बोला.

हे सगळं जगाला वाटणाऱ्या माणसाचं घरात मात्र पटत नव्हतं.

ज्या पोराचं नाव ब्रुअरीला दिलं तो कार्ल परदेशात शिकून आला. बापाने त्याला १८७१ च्या सुमारास बाजूची एक ब्रुअरी चालवायला दिली. पोरगा निघाला धंद्याचा. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक दारात उभं असताना बिअर इतके महिने तळघरात कशाला ठेवायची? साठवण कमी करा, जास्त बनवा, जास्त विका. बापाचं म्हणणं, थांबली नाही तर ती लागर कसली? आणि माझ्या नावाखाली घाईची बिअर विकायची नाही.

पोराची बिअर खपली. बापापेक्षा जास्त खपली. त्याने बापाचा राग आणखी वाढला.

पुढे तर नावावरून भांडण, मालावरून भांडण, वकील, करार. शेवटी कार्लने शेजारी स्वतःची नवी ब्रुअरी टाकली, न्यू कार्ल्सबर्ग. बापाची झाली ओल्ड कार्ल्सबर्ग. दोन्हींच्या मधून जाणाऱ्या रस्त्याला नाव काय द्यायचं यावरून दोघांनी आपापल्या पाट्या लावल्या. डेन्मार्कच्या श्रीमंत बाप-लेकांचं हे भांडण बांधावरच्या भांडणापेक्षा काही वेगळं नव्हतं. बापाने मृत्युपत्र बदललं आणि आपल्या पश्चात ओल्ड कार्ल्सबर्ग पोराला न देता प्रतिष्ठानाच्या नावे केली.

मला यात बाप बरोबर वाटतो, पण पूर्ण नाही. कार्ल काही भामटा नव्हता. त्यालाही बिअर कळत होती, कलेचा तर त्याला नाद होता. कोपनहेगनच्या किनाऱ्यावर बसलेली जगप्रसिद्ध जलपरी त्यानेच करवून घेतली. त्याच्या ब्रुअरीच्या दारात दगडाचे चार हत्ती आहेत, १९०१ चे, आणि त्या हत्तींवर स्वस्तिक आहे. आपल्याकडचं शुभचिन्ह म्हणून घेतलेलं, हिटलरच्या कितीतरी आधी. त्याच्या बाटल्यांवरही ते असायचं, नाझी आल्यावर काढावं लागलं.

१८८६ मध्ये बाप-लेकांचं पुन्हा जमलं. दुसऱ्या वर्षी पंचाहत्तरीचा म्हातारा कुटुंबासोबत रोमला गेला, तिथं आजारी पडला आणि ३० एप्रिल १८८७ ला गेला. मुलाशी बोलणं सुरू होऊन वर्षभरही धड झालं नव्हतं. कार्लने नंतर स्वतःची ब्रुअरीही बापाच्याच प्रतिष्ठानाला देऊन टाकली आणि १९०६ मध्ये दोन्ही ब्रुअऱ्या एक झाल्या. जेकबसनने आपलं राहतं घर विद्वानांना राहायला द्यावं असं लिहून ठेवलं होतं. त्या घरात पुढे नील्स बोर राहिला, अणूच्या रचनेबद्दलचा आपला धडा ज्याच्या नावाचा असतो तो.

मग लागरचं नाव खराब कशाने झालं?

बापाच्या तळघराने नाही. विसाव्या शतकात सगळीकडे कार्लचा हिशेब जिंकला, आणि कार्लच्याही पुढे गेला. जवाऐवजी तांदूळ-मका घालून स्वस्त करा, हॉप्स कमी करा, दिवस कमी करा, आणि चव कळू नये म्हणून बर्फासारखी थंड करून द्या. अमेरिकेत हे इतकं झालं की १९८० च्या आसपास लोक वैतागून स्वतःच्या छोट्या ब्रुअऱ्या काढायला लागले. तीच क्राफ्ट बिअरची चळवळ. लागरला शिव्या द्यायची पद्धत तिथून आली. गंमत म्हणजे त्या चळवळीतल्या सगळ्यात गाजलेल्या बिअरपैकी एक, सॅम्युअल अॅडम्स, ही लागरच होती.

आपल्याकडे तर त्यात स्ट्राँगची भर पडली. बिअर चवीसाठी घ्यायची नाही, लवकर चढावी म्हणून घ्यायची. आणि मराठवाड्यात लागरच्या नावाला आणखी एक डाग आहे, तो पाण्याचा. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि संभाजीनगरच्या बिअर कारखान्यांचे नळ चालू होते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला दारू-बिअर कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून जास्त कपात करायला सांगावं लागलं. त्या उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला एल आणि लागरमधला फरक विचारून उपयोग नव्हता.

पुण्यात २००९ मध्ये डूलॅली सुरू झाली आणि आपल्याकडे ताज्या बिअरचं वेड आलं. जाता जाता, हे इंग्रजी नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून पडलंय. तिथल्या छावणीत बोटीची वाट बघून बघून गोरे सोल्जर डोक्याने हलायचे, म्हणून डूलॅली म्हणजे वेडा.

या नव्या ब्रुअऱ्यांनी सुरुवात बहुतेक गव्हाच्या बिअरने आणि एलने केली. त्यात चवीचा भाग होताच, पण टाकीचा हिशेब पण होता. एल साधारण दोन आठवड्यांत ग्लासात येते. लागर नीट करायची तर तीच टाकी महिना-दीड महिना अडते. कोरेगाव पार्कच्या भाड्यात महिनाभर टाकी अडवून ठेवणं कुणाला परवडतं?

दुसरी अडचण ब्रुअर लोक आपसात बोलतात, गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. लागरमध्ये लपायला जागा नाही. आयपीएमध्ये काही चुकलं तर वरून हॉप्सचा मारा करता येतो, स्टाउटमध्ये भाजल्याचा वास सगळं झाकून टाकतो. लागर साध्या वरणासारखी. फोडणी जळाली तर पहिल्या घासाला कळतं. यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत घाई केली की तिला लोण्यासारखा वास येतो आणि तो लपत नाही. म्हणून नव्या ब्रुअरीची पारख करायची तर जाणते लोक आधी तिथली पिल्सनर मागवतात. पिल्सनर म्हणजे लागरचीच सोनेरी बहीण, १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सन गावात जन्मलेली.

गेल्या काही वर्षांत क्राफ्टवाल्यांचं मन लागरकडे परत वळू लागलंय. कडवट आयपीए पिऊन पिऊन जिभा थकल्यात हे एक कारण, आणि तीन ग्लासांनंतरही चौथा नकोसा वाटत नाही अशी बिअर करणं अवघड आहे हे कळलंय, हे दुसरं.

कोपनहेगनच्या जुन्या तळघरांत काही वर्षांपूर्वी हॅन्सनच्या काळातली एक बाटली मिळाली. प्रयोगशाळेच्या लोकांनी तळाशी बसलेला गाळ तपासला तर त्यात काही पेशी जिवंत होत्या, सव्वाशे वर्षांनंतर. त्या वाढवून, जुन्या पद्धतीने, २०१६ मध्ये त्यांनी पुन्हा बिअर लावली. ती उतरली आजच्या कार्ल्सबर्गपेक्षा गडद, थोडी गोडसर आणि फेसाला कमी.